माकडहाड कामाचं आहे, तरी ते शेपटीचंच

‘अपेंडिक्सचा उपयोग सापडला, म्हणजे अवशेषांगं हे थोतांड आणि डार्विन खोटा’ असा मजकूर दर काही महिन्यांनी कुणीतरी फोनवर पाठवतंच. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव.’ शाळेत बहुतेकांनी हेच पाठ केलंय, त्यामुळे पाठवणाऱ्याला फार दोष देता येत नाही. पण एखादा अवयव दोन कामं करत असेल, तर मुख्य कामापुरता तो खुरटतो आणि दुसरं काम उत्तम करत राहतो, हे डार्विनने 1859 सालीच लिहून ठेवलंय. अवयव अवशेषांग आहे का, हे ठरवायचं ते पूर्वजांतलं त्याचं मूळ काम सुटलंय का यावरून. माकडहाडाला ओटीपोटाचा तळ तोलणारे स्नायू जोडलेले असतात. घसरून त्यावर आपटलेल्या माणसाला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. तरी ते बनलंय शेपटीच्या चार-पाच खुरटलेल्या मणक्यांचं. पाचव्या आठवड्याच्या सुमारास मानवी गर्भाला शेपटी असते, आठव्यापर्यंत ती जिरते. (‘माकडहाड’ हे नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी.) अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन नख्या असतात. मीलनाच्या वेळी नर त्या मादीच्या अंगावर घासतो, म्हणजे उपयोग आहेच. पण आत मांडीच्या हाडाचा तुकडा आहे, आणि अजगर काही चालत नाही.

‘अपेंडिक्स कामाचं निघालं.’ हे बरंचसं मान्य. त्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात. जुलाबात आतडं धुऊन निघालं तरी चांगले जिवाणू तिथे टिकून राहत असावेत, असं गृहीतक ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये मांडलं. सस्तन प्राण्यांच्या अनेक शाखांत ते स्वतंत्रपणे उपजलेलंही दिसतं. अपेंडिक्स म्हणजे निव्वळ खुरटलेला अवशेष, हा डार्विनचा अंदाज कच्चा होता. मी तरी ते उदाहरण देणार नाही.

‘86 अवयवांची यादी शून्यावर आली.’ माणसातल्या अवशेषांगांची ही यादी जर्मन शरीररचनातज्ज्ञ वीडर्सहाइम यांची, 1893 सालची. मेंदूतल्या पीनिअल ग्रंथीसारखी काही नावं त्यात चुकलीच. पण शून्य? अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखा ताठ उठतो तो एका खुरटलेल्या स्नायूचा कंडरा. कित्येकांना तो नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही. शल्यविशारद तो काढून दुसरीकडे बिनधास्त जोडतात. शिवाय क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यात मोडक्या अवस्थेत पडून आहे, चिंपांझीतही तसंच. कुत्र्याचं शाबूत आहे, म्हणून त्याला आवळा लागत नाही.