पगार मिळतो, मग सत्कार कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाने 5 सप्टेंबरला महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांचा आणि शाळेला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार केला, त्यावर मी लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया अशी: "शिक्षक पगार घेतात, काम करतात. फेटे बांधून उदोउदो कसला? तेवढ्या पैशांत पोरांना वह्या आल्या असत्या. आणि असले कार्यक्रम शेवटी पुढाऱ्यांच्या भाषणासाठीच असतात."

पुढाऱ्यांबद्दल तुम्ही बोललात ते अगदी खरं. ज्याचा सत्कार तो कडेच्या खुर्चीत आणि माईक भलत्याच्याच हातात, असे सोहळे कोल्हापूरने पुष्कळ पाहिलेत. म्हणून यंदा पाहुणाच बोलावला नव्हता. याच शाळेत शिकून गेलेली पोरंपोरी बोलली.

पगाराचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. पगार शिकवण्याचा मिळतो. पोरगी चार दिवस दिसली नाही म्हणून संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, बांधकामावरच्या कुटुंबाचा मुक्काम हलला की पोराचा दाखला काढून नव्या ठिकाणच्या शाळेत त्याचं नाव लागेपर्यंत फोन करत राहायचं, याचा पगार कुठल्या खात्यात जमा होतो? 2019 च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या शाळांमधला गाळ आठवा. खराटे घेऊन तो काढणाऱ्यांत शिक्षक होते, पालक होते, वरच्या वर्गातली पोरंही होती.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पण नुसत्या कायद्याने भागत नाही, हे महाराज त्याच्या आधीपासून ओळखून होते. 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, निघाली, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी रांगच लागली. महाराजांनी जागा दिल्या, मदत दिली, आणि रोजचा गाडा ओढायला त्या त्या समाजातली माणसं उभी राहिली. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊरावांचं नाव आपण अभिमानाने घेतो. साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा देणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठल्या पगारावर होत्या?

आणि यंदा फेटे काही फक्त गुरुजी-बाईंनाच बांधले नाहीत, हे तुमच्या नजरेतून सुटलं असावं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. त्यांचं मानधन किती तुटपुंजं असतं आणि किती उशिरा येतं, हे कुठल्याही शाळेत जाऊन विचारा. कोणत्या पोराच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते, हे मुख्याध्यापकांच्या आधी त्यांना कळतं, आणि त्या पोराच्या ताटात न बोलता एक पळी जास्त पडते. पाच-सहा पोरींना दोन वर्षं भाडं न घेता सोडणारे रिक्षामामा होते. व्यवस्थापन समितीवरच्या एक ताई होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसेपर्यंत त्यांनी महापालिकेत हेलपाटे घातले. ह्या माणसांच्या अशा कामाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. मावशी व्यासपीठावर आल्या तेव्हा पोरांनी जो दंगा केला, तसा त्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी झाला नाही.

सत्काराचं आणखी एक कारण मला मोलाचं वाटतं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. आपल्या कामाचे पुरावे आपणच जोडायचे. मी पाहिलेले सगळ्यांत चांगले दोन शिक्षक असा अर्ज जन्मात भरणार नाहीत. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उठून बोललं पाहिजे, आणि ते शेजारपाजारच्यांनीच करायचं असतं.

वह्यांचं म्हणाल, तर फेट्यांचं कापड मंडळाचंच होतं, मिरवणुकीला वापरतात तेच. खर्च नारळांचा आणि चहाचा झाला. वह्या द्यायच्याच आहेत. तुम्ही यात उतरणार असाल तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मंडळात या, शाळेकडून वर्गवार यादी मागवून ठेवतो. येताना तुमच्या भागातल्या शाळेसाठी राबणाऱ्या एकाचं तरी नाव आणा, आणि त्याने नेमकं काय केलं ते चार ओळींत लिहून आणा. नुसतं "उत्कृष्ट कार्य" असं लिहिलेलं आम्ही घेत नाही.