परमिट रद्द झालं, पुढे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलजित दोसांझच्या कोथरूडच्या कार्यक्रमातलं दारूचं परमिट रद्द झालं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. काका-आत्यांना संस्कृती वाचल्याचं समाधान; भाचरांचा सवाल, गाणं ऐकायला आलेल्यांवर पहारा कशाला? नवा कार्यक्रम जाहीर झाला की वाद पुन्हा पेटतो. मी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला राहते. मला त्या भांडणात एक माणूस कुठेच दिसत नाही: व्यसन सोडलेला, आणि तरीही चारचौघांत बसून गाणं ऐकावंसं वाटणारा.

इथल्या कोळसापट्ट्यात व्यसन शिरलं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीतून. खाणीत कंबर गेलेल्यांना वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या गेल्या, त्या सुटेनात. कर्मिट या जेमतेम चारशे वस्तीच्या गावातल्या एकाच औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळपास ९० लाख गोळ्या आल्या. चार्ल्सटनच्या वर्तमानपत्राने हे उजेडात आणलं. त्या बातम्यांना पत्रकारितेतलं २०१७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

गायक टायलर चिल्डर्स याच ॲपलाचिया डोंगररांगांतला. जन्म १९९१, केंटकीतल्या लॉरेन्स काउंटीत. वडील कोळशाच्या धंद्यात. बँडचं नाव ‘द फूड स्टॅम्प्स’, म्हणजे गरिबांना धान्यासाठी मिळणारी सरकारी मदत. ‘नोज ऑन द ग्राइंडस्टोन’ या त्याच्या गाण्यात बाप मुलाला बजावतो: कष्ट कर, गोळ्यांच्या नादी लागू नकोस. स्टुडिओ अल्बममध्ये ते आलं २०२५ साली, पण त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून कार्यक्रमांना येणाऱ्यांना ते तोंडपाठ होतं. एरवी नाचणारी, आरडाओरडा करणारी गर्दी या गाण्याला बापाच्या तोंडचे शब्द त्याच्याबरोबर म्हणते. यातल्या कितीतरी घरांनी पोरं गमावली आहेत. चिल्डर्सने स्वतः दारू सोडली, आणि २०२० मध्ये ते जाहीरपणे सांगितलंही.

‘हीलिंग ॲपलाचिया’ हा महोत्सव २०१८ पासून व्यसनमुक्तीच्या कामासाठी पैसा उभा करतो. लुईसबर्गच्या जत्रेच्या मैदानावर चिल्डर्स त्यात गायला आहे. तिथे राबणाऱ्या स्वयंसेवकांत व्यसनातून सावरणारे पुष्कळ. अशा गोळ्यांचा डोस जास्त झाल्यावर जीव वाचवणारं नाकातलं औषध, नॅलोक्सोन, द्यायलाही शिकवतात: माणसाला उताणं झोपवा, मान मागे करा, नळी एका नाकपुडीत घाला, दट्ट्या दाबा. बंद पडत चाललेला श्वास परत येऊ शकतो. हे गाण्याच्या मैदानावर, गिटारचे सूर कानावर पडत असताना शिकवलं जातं, आणि त्याने कुणाचा विरस होत नाही.

पुण्याला हे परकं नाही. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच पुढच्याला सावरायचं, ही रीत तिथे जुनीच आहे. मग परवानगीच्या अटींमध्ये आवाजाची मर्यादा आणि पार्किंग यांच्या जोडीने आणखी एक अट घाला: व्यसनमुक्ती केंद्राला प्रवेशद्वाराशी जागा, तीही फुकट, आणि तिथल्या माणसांना आत बसून गाणं ऐकायची तिकिटं.