दोन दिवसांत कुठे?

'दुबईहून पार्थिव दोन दिवसांत घरी पोचतं' हे लेखातलं वाक्य खटकलं. माझा दादा तिथे वारला तेव्हा सहा दिवस लागले. पोलिसांचं पत्र, मृत्यूचा दाखला, व्हिसा रद्द, वाणिज्य दूतावासात पासपोर्ट रद्द, एम्बामिंग (पार्थिव टिकावं म्हणून करतात ती रासायनिक प्रक्रिया). एक कागद अडला की पुढचं सगळं ठप्प. त्यात मधे शनिवार-रविवार आला (२०२२ पासून तिथेही सुट्टी याच दिवशी). रत्नागिरीत आई रोज एकच विचारायची, "निघाला का रे तो?"

आणि दुबईतच जेबेल अलीला हिंदूंसाठी स्मशान आहे, तिथेच अंत्यसंस्कार करून अस्थी आणता येतात, हे लेखात यायलाच हवं होतं. आम्हालाही कुणी सांगितलं नाही. मुंबईला कार्गोत पेटी ताब्यात घेतली तेव्हा पावतीवर दादाचं नाव बारीक, वजन मात्र ठळक. ती पावती आईला अजून दाखवलेली नाही.