ओढ्यातला सापळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण त्यातल्या एका वाक्यासाठी मला घराबाहेर पडावं लागलं. ते पुढे सांगते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आमच्या छोट्या गावात बीव्हरांनी (उंदराच्या कुळातला, पाण्यात राहणारा मोठा प्राणी, झाडं कुरतडून बांध घालतो) ओढ्यावर बांध घातला, पाणी रस्त्यावर आलं, आणि गेल्या नोव्हेंबरात गावाने सापळे लावून ते अख्खं कुटुंब मारलं. मी त्याविरुद्ध लिहिलं, आणि सापळ्याऐवजी बांधातून पाइप टाकून पाणी उतरवा असं सुचवलं. त्यावर यवतमाळकडून तुम्ही लिहिलंत, "ताई, आमच्याकडे रानडुकरं एका रात्रीत तूर साफ करतात. रात्रभर जागल करून पाहा, मग प्राण्यांचे लाड सुचणार नाहीत. ज्याचं पाण्याखाली जातं त्याला विचारा. नदीतले मासे खाऊन टाकणाऱ्या प्राण्याचा एवढा पुळका कशाला? आणि पाइप टाकून प्रश्न सुटत असता तर जगभर लोकांनी सापळे लावलेच नसते."

"ज्याचं पाण्याखाली जातं त्याला विचारा." मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. म्हणून शनिवारी ओढ्याकाठच्या शेवटच्या घरी गेले. तिथे एक आजी एकट्या राहतात. त्यांनी मला तळघरात नेलं आणि भिंतीवरची ओल दाखवली, माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं. पाणी विहिरीत शिरलं होतं, सेप्टिक टँक उलटा आला होता, आणि तीन आठवडे त्या शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होत्या. माझ्या लेखात या आजी कुठेच नव्हत्या. त्या असायला हव्या होत्या. ही चूक तुमच्यामुळे कळली.

जागल मला ऐकून माहीत नाही. माझं आजोळ वर्ध्याकडचं. मामाच्या शेतात माळ्यावर बसून मी पत्र्याचा डबा वाजवला आहे, रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरलेला पाहिला आहे. तेव्हा शेतकऱ्याच्या रागाला मी लाड म्हणणार नाही, आणि तुम्हीही माझ्या म्हणण्याला तसं म्हणू नये. रानडुक्कर आज तुमच्या शेतात, उद्या शेजारच्या. बीव्हरचं तसं नसतं. त्याला ओढ्यातली एक ठरावीक जागा हवी असते: उतार कमी, काठाला विलो किंवा अ‍ॅस्पेनची झाडं, आणि शक्यतो रस्त्याखालची मोरी, कारण मोरी म्हणजे त्याच्या दृष्टीने जवळजवळ पूर्ण झालेला बांध, फक्त एक भोक बुजवायचं राहिलेलं. पिल्लं साधारण दोन वर्षांची झाली की वसंतात घर सोडतात आणि अशीच जागा शोधत ओढ्याने वरखाली फिरतात. तुम्ही एक कुटुंब मारलंत की ती जागा मोकळी होते, आणि मोकळी जागा त्या फिरणाऱ्यांना सापडतेच. आमच्या गावाने त्याच मोरीपाशी सात वर्षांत तीन वेळा सापळे लावले. तिन्ही वेळा पाणी उतरलं, आधीच्या दोन्ही वेळा परत चढलं. आजींच्या तळघरातली ओल तिसऱ्या खेपेची आहे.

सापळा कसा असतो हे मी मूळ लेखात नीट सांगितलं नव्हतं, आणि न सांगता नुसतं "क्रूर" म्हणणं बरोबर नव्हतं. इथे बीव्हरसाठी वापरतात तो कोनिबेअर ३३०: पोलादी सळईच्या दोन चौकोनी चौकटी, तोंड दहा इंची, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. बीव्हरच्या पाण्याखालच्या वाटेत तो खुंट्यांना बांधून उभा करतात. पोहत जाताना मधल्या तारेला छाती लागली की चौकटी मानेवर मिटतात. कॅनडातल्या फ्रँक कोनिबेअर नावाच्या ट्रॅपरने, म्हणजे सापळे लावून जनावरं पकडणाऱ्याने, तो बनवला, कारण पाय धरणाऱ्या जुन्या सापळ्यात तासन् तास तडफडणारी जनावरं त्याला बघवत नव्हती. म्हणजे शोधामागे करुणाच होती. नीट बसला तर जीव लवकर जातो. नीट बसला नाही तर प्राणी पाण्याखाली अडकून राहतो, आणि बीव्हर पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. तेव्हा तो "लगेच" मरतो असं मला कुणी सांगू नये.

ज्यांनी आमच्या ओढ्यात सापळे लावले ते सत्तरीचे गृहस्थ. कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून रोज पहाटे स्वतः सापळे तपासायला यायचे. त्यांनी मला एकदा सोबत नेलं. बाहेर काढलेली मादी गवतावर ठेवली होती: दात संत्र्याच्या सालीसारखे, कारण त्यांत लोह असतं, मागच्या पायाला बदकासारखा पडदा, आणि दुसऱ्या बोटाला दुहेरी नख. त्या नखाने ती केस विंचरते, असं म्हणत त्यांनी ते बोट हळूच उचलून दाखवलं. त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. मी विचारलं, पुन्हा येतील का? ते म्हणाले, येणारच.

आता तुमचा सर्वांत बिनतोड वाटणारा मुद्दा. जगभर सापळे का लागले? भाऊ, ते पाणी उतरवण्यासाठी लागले नव्हते, कातड्यासाठी लागले होते. बीव्हरच्या आतल्या मऊ लवेची टोपी युरोपात मिरवली जायची. इंग्रजांच्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाली ती याच व्यापारासाठी. आमच्या शेजारचं स्प्रिंगफील्ड १६३६ मध्ये वसवलं तेही विल्यम पिंचन या फरच्या व्यापाऱ्याने. १८२०च्या दशकात तर अमेरिकन ट्रॅपर पुढे सरकू नयेत म्हणून हडसन्स बेने अमेरिकेच्या वायव्येकडचं स्नेक नदीचं खोरं मुद्दाम बीव्हररहित करायला घेतलं. सापळ्याने बीव्हर संपतात, हे तुमचं खरं आहे. पण प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक हंगामात, शेवटच्या जोडीपर्यंत लावले तर. आमच्या राज्यातून ते तसेच नाहीसे झाले आणि थेट १९२८ मध्ये पुन्हा दिसले. एका मोरीपाशी दोन-तीन वर्षांनी चार सापळे लावून तो परिणाम कसा मिळेल?

पाइपाचं तंत्र साधं आहे. बीव्हर वाहत्या पाण्याच्या आवाजावर जातो. स्वीडनमध्ये बीव्हरांचे अभ्यासक लार्स विल्सन यांनी पाण्याचा आवाज नुसता स्पीकरवर वाजवला, तर बीव्हरांनी त्या स्पीकरवर काटक्या आणून रचल्या. म्हणून जाड प्लास्टिकचा पाइप बांधातून आरपार घालायचा आणि त्याचं वरचं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात, तारेच्या मोठ्या गोल पिंजऱ्यात ठेवायचं. पाणी गुपचूप निघून जातं. बीव्हरला गळती सापडत नाही, आणि तळं पाइपाच्या उंचीवर थांबतं.

हे सगळीकडे चालतं असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. सपाट शेतातल्या चरात, जिथे वीतभर पाणीही पिकाला जड, तिथे पाइप कामाचा नाही. त्याला बीव्हरपुरतं खोल पाणी राखावंच लागतं, नाहीतर बीव्हर थोडं खाली दुसरा बांध घालतो. तिथे सापळा लागेल, आणि मी आड येणार नाही. आमच्या राज्यातही १९९६ च्या सार्वमताने असे सापळे बंद केले, पण २००० मध्ये कायदा सुधारून विहीर, सेप्टिक, रस्ता धोक्यात असेल तिथे आरोग्य मंडळाच्या परवान्याने वाट मोकळी ठेवली. आजींचं घर त्यातच बसत होतं. त्या आठवड्यात सापळा लावणं चूक नव्हतं, हे मी आता म्हणते. आधीच्या दोन खेपांनंतर पाइप न टाकणं ही चूक होती.

आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर, मी स्वतः तुमच्या बाजूने उभी राहीन. अर्जेंटिनाने १९४६ मध्ये फरचा धंदा काढायला कॅनडातून वीस बीव्हर आणून तिथे सोडले. धंदा झाला नाही. खाणारा लांडगा नाही, अस्वल नाही. संख्या लाखाच्या घरात गेली आणि सामुद्रधुनी पोहून ते मुख्य भूमीवरही पोचले. इथला विलो कापला की बुंध्यातून पुन्हा फुटतो, तिथलं लेंगाचं झाड फुटत नाही. ओढ्याकाठची अख्खी जंगलं पांढरी पडून उभी आहेत. अर्जेंटिना आणि चिली, दोन्ही देशांनी बीव्हर समूळ काढायचं ठरवलं आहे, आणि ते सापळ्याशिवाय होणार नाही.

पकडून दुसरीकडे सोडा, असं बऱ्याच वाचकांनी सुचवलं. आमच्या राज्यात ते बेकायदा आहे. चांगले ओढे आधीच भरलेले असतात आणि तिथले बीव्हर परक्याला चावून हाकलतात. जिथे रिकामे ओढे आहेत तिथे ते झालं आहे. अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात १९४८ मध्ये ७६ बीव्हर खोक्यांत घालून विमानातून पॅराशूटने रानात उतरवले, त्यातला एकच मेला.

राहिले मासे. मासे खातं ते आपलं पाणमांजर. बीव्हर साल, पानं आणि पाणवनस्पती खातो, मासा तोंडात घेत नाही. उलट ओरेगन राज्यातल्या ब्रिज क्रीक या ओढ्यावर खुंटे ठोकून बीव्हरांना बांधाची सुरुवात करून दिली, तेव्हा स्टीलहेड माशांची पिल्लं वाढली.

परवा मोरीपाशी ताजी सोललेली काटकी सापडली, पांढरी, दातांच्या खुणांसकट. चौथी खेप आली आहे. या वेळी गावाच्या बैठकीत मी अर्ज दिला आहे आणि त्याखाली दुसरी सही आजींची आहे. पाइप पुढच्या शनिवारी टाकतो आहोत. तळघराच्या भिंतीवर आम्ही खडूने रेघ मारून ठेवली आहे. जुलैच्या पावसानंतर पाणी कुठवर आलं ते इथेच लिहीन, रेघेच्या वर गेलं तरी लिहीन.