मूल झोपेत दात खातं म्हणजे जंतच?

बेळगाव-खानापूरकडच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: "मूल झोपेत दात खातं, तळमळतं, दचकून उठतं, म्हणजे पोटात जंत. गोड बंद करा, दर महिन्याला जंताचं औषध पाजा." तो वाचून आया खरोखर औषध पाजतात, म्हणून हे उत्तर.

"दात खाणं म्हणजे जंत." नाही. जंत नसलेली कितीतरी मुलं दात खातात, आणि बहुतेकांची सवय वय वाढेल तशी सुटते. मेसेजात खरं आहे ते सुतासारख्या पांढऱ्या जंतांपुरतं. त्यांची मादी रात्री शीच्या जागेशी येऊन अंडी घालते, तिथे खाज सुटते आणि मूल तळमळतं. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिलं तर ते दिसू शकतात. दिसले तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापायची, अंथरुणं गरम पाण्यात धुवायची.

"गोड खाल्ल्याने जंत होतात." जंतांची अंडी न धुतलेल्या हातांतून, मातीतून, भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमी तर शेतात अनवाणी फिरणाऱ्याच्या तळपायातून शिरतो. गुळाच्या खड्याचा यात काही दोष नाही.

"दर महिन्याला औषध." कशाला? 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत जंतनाशक दिनी अल्बेंडाझोल मिळतंच. 2 वर्षांखालच्यांना अर्धी गोळी. सूचना कन्नडमधून आली आणि घरात कुणाला वाचता आली नाही, तर गोळी दिली का ते बाईंना सरळ विचारा.

मला खरी काळजी वाटते ती या मेसेजात जे नाहीच, त्याची. मूल रोज घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, मान मागे टाकतं, घामाने उशी भिजवतं, तर नाकामागची गाठ (अ‍ॅडेनॉइड) किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. श्वास अडतो म्हणून ते कूस बदलत राहतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात नाक सतत चोंदलेलं असतं, त्यामुळे घोरण्याकडे कुणी लक्षच देत नाही. महिनोन्महिने जंताचं औषध चालू राहतं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाणं राहून जातं.

दुसरं कारण लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलं की काही मुलांचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. त्यात संध्याकाळी चहात बुडवून बटर! चहा झोप उडवतो आणि जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही. लहान मुलाला चहा नकोच. लोहाचं औषध मात्र रक्त तपासूनच.

झोप लागल्यावर दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठतं, डोळे उघडे पण आईला ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही, हेही या वयात होतं. त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा.

डॉक्टरकडे जाताना झोपेतल्या मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, घोरण्याचा आवाज येईल असा.