ग्रासकटरचं गाऱ्हाणं

चतुर्थी दुसऱ्या दिवसावर आलेली, गावच्या खळ्यात कमरेएवढं गवत आणि हातात मुका ग्रासकटर. प्रायमरचा फुगा दाबला, चोक दिला, दोरी ओढली. फुर्र नाही की फट् नाही. खांदा अजून ठणकतोय, त्यामुळे राग ताजा आहे.

गडग्यावर काका येऊन बसले. भावकीतले. आमच्याकडे कुठलंही यंत्र बिघडलं की ते बसायला येतात.

"कधी इलस?"

"काल रात्री."

"दोरी ओढतंस काय विहिरीचा पाणी काढतंस?"

मी ओढत राहिलो. काकांनी मान तिरकी करून टाकीकडे पाहिलं. "पेट्रोल तर फुल्ल आसा. दिवाळेक मीच भरून ठेवलंय. आमच्या परड्यात दोन दिवस वापरलेलंय ना! मी कोणाचा फुकट वापरणंय नाय."

म्हणजे दिवाळीपासून, अख्खा पावसाळा धरून, मशीन पोटभर पेट्रोल पिऊन पडवीत बसलं होतं. वर उपकार.

"दिष्ट लागली हा," काका म्हणाले आणि कोणी विचारायच्या आत त्यांनी नारळ मागवला. मशीन तुळशीसमोर आडवं केलं. घरातली पोरं गोळा झाली आणि काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान मुंबैसून येवन ह्या मशीनाची दोरी धरली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात जो काय अडथळो आसात तो दूर कर, आणि भावकीतल्या कोणाची नजर लागली आसात, तर तेचा मशीन बंद पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा 'व्हय' माझ्या बायकोचा. मी दोरी ओढली. देवाने ऐकलं नाही. काकांनी नारळाचं अर्धं भकल स्वतःकडे ठेवून घेतलं आणि निदान बदललं, "मगे कार्बोरेटर."

तालुक्याच्या मेकॅनिककडे त्या दिवशी साऱ्या चाकरमान्यांचे ग्रासकटर रांगेत झोपले होते. त्याने टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतलं, तर बाटलीत दोन मजले! वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं 2030 सालासाठी ठरलेलं लक्ष्य सरकारने 2025 वर आणलं. वेळेआधी झालेलं सरकारी काम मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही माझ्या टाकीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या जुलैत हवा वेगळी आणि पाणी वेगळं असं काही नसतंच. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून त्याच्याबरोबर तळाला जाऊन बसतं. नेमकी टाकीतल्या नळीची जाळी तळालाच. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल, म्हणजे इंजिनाचं वंगण, मात्र वर, पेट्रोलबरोबर. म्हणजे गाऱ्हाणं फळून इंजिन सुरू झालं असतं, तरी बिनतेलाचं चालून जाम झालं असतं. देवाने ऐकलं नाही तेच बरं.

कार्बोरेटर उघडल्यावर व्हार्निशसारखा वास आला. पेट्रोलातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेने चिकटा होतो आणि केसाएवढ्या भोकाच्या जेटमध्ये तो ठाण मांडतो. डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, तर पापडासारखा कडक झालेला. नवीन किट, साफसफाई, मजुरी. तेवढ्या पैशात एक गडी दिवसभर कोयत्याने गवत कापून गेला असता. पण गडी आहे कुठे? आमच्याकडे यायचा तो गोव्यात हॉटेलात कामाला लागला. म्हणून तर मशीन घेतलं. आणि साधं, बिनइथेनॉलचं पेट्रोल द्या म्हटलं, तर आमच्या पंपावरचा पोरगा मी रॉकेल मागितल्यासारखा बघतो. इथेनॉलमुळे घाटावरच्या उसाला भाव मिळावा, माझी ना नाही, पण त्याची किंमत माझ्या कार्बोरेटरने का मोजायची?

"ठेवताना टाकी खाली करा," मेकॅनिक म्हणाला, "आणि इंजिन आपसूक बंद पडापर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरातलासुद्धा संपता. नायतर दर पंधरा दिवसांनी चालू करूचा."

दर पंधरा दिवसांनी! मी राहतो डोंबिवलीत. गणपतीचं तिकीट 60 दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसलं तरी वेटिंगमध्ये जातं. मशीनला खोकवायला पंधरवड्याला कुठल्या गाडीने येऊ?

काकांना हे कळलं. "मगे माझ्याकडे ठेवन जा," ते म्हणाले. "मी चालू करीन, वापरीन, आणि टाकी भरून ठेवीन."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.