डावं-उजवं काय करता, दोन्ही लावा

उद्या सकाळी आढावा बैठक आहे. तुमच्याकडे आकड्यांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, याचा तुम्हाला पत्ता नाही. काळजी करू नका. संबंध शोधून काढावा लागतो, हा फार जुना समज आहे. पॉवरपॉइंटमध्ये तो जोडता येतो. त्यासाठी आलेखाच्या उजव्या बाजूला वेगळ्या मोजपट्टीचा दुसरा उभा अक्ष लावायचा, एवढंच.

समजा, तुम्ही प्रशिक्षण विभाग सांभाळता. चार तिमाहींत प्रशिक्षणाचे तास १२० वरून ३१० वर गेले. त्याच काळात विक्री ४८,००० नगांवरून ४९,१०० वर गेली. हे दोन्ही एकाच आलेखात टाकलं, की विक्रीची रेघ वरच्या वर आडवी राहते आणि प्रशिक्षणाची रेघ तळाला सतरंजीसारखी पसरते. तासांची वाढ त्यात दिसत नाही, हा तुमच्यावर अन्यायच आहे, मान्य. विक्री मात्र जेमतेम सव्वादोन टक्क्यांनी वाढली आहे आणि आलेखात ती तेवढीच दिसते आहे. खरी अडचण ही आहे.

तर त्या तळाच्या रेघेवर राइट-क्लिक करा. ते जमणार नाही, कारण ती इतकी खाली असते की माउस प्रत्येक वेळी आडवा अक्षच पकडतो. अशा वेळी फॉरमॅट टॅबच्या डाव्या टोकाला एक छोटी यादी असते. तिच्यातून मालिकेचं नाव निवडा, खालचं ‘फॉरमॅट सिलेक्शन’ दाबा आणि ‘सेकंडरी अॅक्सिस’वर टिचकी मारा. रेघ ताडकन उठून उभी राहते. ऑफिस २०१३ पासून तर ‘कॉम्बो’ नावाचा तयार प्रकारच आहे, म्हणजे एवढीही खटपट नको. लिबरऑफिसवाल्यांनाही हे सुख आहे, कीनोटवाल्यांनाही आहे. या बाबतीत सगळे पक्ष एकत्र आहेत.

इथवर सगळेच येतात. खरी कला पुढे आहे. प्रत्येक अक्षाला एक किमान आणि एक कमाल असते, म्हणजे दोन अक्षांचे मिळून चार आकडे, आणि ते चारही तुमच्या हातात. डावीकडे विक्रीसाठी ४७,८०० ते ४९,२०० घ्या, उजवीकडे तासांसाठी ९० ते ३३०. आता बघा: दोन्ही रेघा डावीकडे तळापासून साधारण सारख्याच उंचीवरून निघतात आणि उजवीकडे माथ्याजवळ जवळजवळ एकाच जागी पोहोचतात. सव्वादोन टक्क्यांची वाढ आणि अडीच पटींची वाढ, दोघी हातात हात घालून डोंगर चढताना दिसतात. ‘जसजसं प्रशिक्षण वाढलं, तसतशी विक्री वाढली’ हे वाक्य तुम्हाला उच्चारावंही लागत नाही. ते समोरचे स्वतःच म्हणतात, आणि माणूस स्वतः काढलेल्या निष्कर्षावर कधी शंका घेत नाही.

हेच चार आकडे हलवून विक्रीची रेघ प्रशिक्षणाच्या पुढे धावते आहे असंही दाखवता येतं, मागे रेंगाळते आहे असंही. म्हणून आधी बॉसचा कल बघा, मग अक्ष ठरवा.

स्तंभ वापरायचा मोह मात्र टाळा. स्तंभाची लांबीच डोळ्यांत भरते, म्हणून तो शून्यापासून सुरू झाला नाही तर शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा हटकतो. रेघेकडे असला हिशोब कुणी मागत नाही. शिवाय दोन्ही मालिका स्तंभांत ठेवल्या, तर उजव्या अक्षावरचे स्तंभ डाव्या अक्षावरच्या स्तंभांच्या थेट पुढ्यात येऊन उभे राहतात आणि मागचे दिसेनासे होतात. शिस्तशीर लोक मग एका मालिकेची रेघ करतात. तुमची मागची मालिका कशी आहे ते आधी बघा. तिचा आकडा वाईट असेल, तर सॉफ्टवेअरने आपणहून केलेल्या या उपकारात ढवळाढवळ करायचं कारण नाही.

अक्षांना नावं देऊ नका. उभ्या अक्षाचं शीर्षक आपोआप येत नाही. ते मुद्दाम लावावं लागतं, म्हणजे न लावण्यात तुमचा दोषही नाही. दोन्हीकडचे आकडे एकाच करड्या रंगात राहू द्या. डाव्या आकड्यांना निळा आणि उजव्यांना केशरी रंग देऊन रेघांशी जुळवणारे लोक असतात. त्यांच्यामुळे प्रेक्षकांना कोणती रेघ कोणत्या बाजूने वाचायची हे कळतं आणि बैठक लांबते. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

रेघा एकमेकींना छेदतील अशी व्यवस्था जमली तर उत्तमच. छेदनबिंदूइतकी नाट्यमय गोष्ट आलेखात दुसरी नाही. एक वर जाते, दुसरी खाली, मधे फुली, आणि तुम्ही लेझर पॉइंटर रोखून म्हणता, ‘इथे आपण ओलांडलं.’ तास नगांना ओलांडतात म्हणजे काय, असं विचारायचं कुणाला सुचत नाही. पुढच्या तिमाहीचे आकडे भरताच स्वयंचलित मोजपट्टी बदलते आणि तो ऐतिहासिक क्षण दोन महिने अलीकडे सरकतो. तेव्हा जुनी स्लाइड काढू नका म्हणजे झालं.

या तंत्राची झेप किती उंच जाऊ शकते, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे दिसलं. प्लॅन्ड पेरेंटहुड या आरोग्यसेवा संस्थेच्या गर्भपात आणि कर्करोग तपासणी या दोन सेवांचा आलेख पडद्यावर होता. तपासणीचा बाण २००६ मधल्या सुमारे २० लाखांवरून २०१३ मधल्या ९,३५,५७३ वर उतरत होता, गर्भपाताचा बाण २,८९,७५० वरून ३,२७,००० वर चढत होता, आणि दोघांची मधे फुली. शेवटी ३,२७,००० हा आकडा ९,३५,५७३ च्या वर काढलेला होता! उभा अक्ष तर मुळात नव्हताच. दोन मोजपट्ट्या वापरून मग दोन्ही पुसून टाकणं ही या शास्त्रातली सिद्धावस्था आहे. नवशिक्यांनी एकदम तिथे उडी घेऊ नये.

कुणी परंपरा विचारली तर तीही आहे. स्तंभालेख आणि रेषालेख ज्याच्या नावावर आहेत, त्या विल्यम प्लेफेअरने १८०१ साली युरोपातले देश वर्तुळांनी दाखवले. प्रत्येक वर्तुळाच्या डाव्या कडेला लोकसंख्येची उभी रेघ, उजव्या कडेला महसुलाची, आणि दोन्हींची टोकं जोडणारी एक तिरपी रेघ. ती कुठे झुकते त्यावरून करांचा बोजा ओळखायचा. आता वर्तुळ देशाच्या आकारमानाचं, म्हणजे देश मोठा असेल तर रेघा दूर जातात आणि उतार आपसूक सौम्य होतो. शिवाय एकीकडे माणसं, दुसरीकडे पौंड. पण सव्वादोनशे वर्षांची परंपरा म्हटल्यावर एवढ्या तेवढ्याकडे कोण बघतो?

आणि बादरायण संबंध जोडायला घाबरू नका. टायलर विगेन नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने २०१४ साली असल्या आलेखांचा खजिनाच मांडला. त्यात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या घटस्फोटांचा दर आणि अख्ख्या अमेरिकेतला मार्गारिनचा, म्हणजे लोण्याऐवजी वापरायच्या वनस्पतिजन्य पदार्थाचा, दरडोई खप या दोन रेघा दहा वर्षं एकमेकींना चिकटून उतरतात. सहसंबंध ०.९९, म्हणजे जवळजवळ पूर्ण जुळणी. त्याने हे चेष्टेने केलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच त्याला दाखवायचं होतं. तुम्ही ते गांभीर्याने करा. कावळ्याला डावा अक्ष, फांदीला उजवा.

रेघ हट्टाने उलट्या दिशेनेच जात असेल, म्हणजे प्रशिक्षण वाढतंय आणि विक्री घसरतेय असं असेल, तर अक्षाच्या पर्यायांत खाली ‘व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण करा. घसरण चढण होते. हा पर्याय तिथे कुणी ठेवला असेल त्याला तुमच्यासारख्यांची आठवण होती, एवढं नक्की.

बैठकीत एखादा शंकासुर निघतोच. तो म्हणेल, दोन आलेख एकाखाली एक ठेवा, आडवा अक्ष सारखा घ्या, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या मोजपट्टीवर प्रामाणिक राहील. किंवा पहिल्या तिमाहीला दोन्ही मालिका १०० धरा: तास २५८ वर जातील, विक्री १०२ वर, आणि ज्याला जे दिसायचं ते दिसेल. नेमकं तेच नको असतं. फारच झालं तर तो म्हणेल, एक राशी आडव्या अक्षावर आणि दुसरी उभ्यावर घेऊन बिंदू मांडा, संबंध असेल तर कळेल. त्याला विचारा, आणि नसेल तर?

तो ‘जीजीप्लॉट२’चं नाव घेईल. आर या संगणकीय भाषेतल्या आलेख काढायच्या त्या साधनात २०१६ पासून दुसरा अक्ष मिळतो, पण पहिल्याच अक्षाचं सरळ रूपांतर म्हणून. सेल्सियस डावीकडे, फॅरेनहाइट उजवीकडे: १.८ ने गुणा, ३२ मिळवा, संपलं. एकच राशी, दोन एककं, लबाडीला वावच नाही. हवामानाच्या वॉल्टर-लीथ आकृतीतही तापमान आणि पाऊस शेजारी-शेजारी असतात, पण तिथे १० अंशांना २० मिलिमीटर हे नातं आधीच ठरलेलं असतं, काढणाऱ्याच्या लहरीवर नसतं. पॅरेटो आलेखात उजवीकडचा टक्का डावीकडच्याच स्तंभांची बेरीज करत जातो. ही सगळी उदाहरणं मान हलवत ऐकून घ्या आणि म्हणा, ‘म्हणजे दुसरा अक्ष शास्त्रमान्य आहे तर!’

स्लाइड मेल करण्याआधी आलेख चित्र म्हणून चिकटवा. नाहीतर कुणीतरी ‘एडिट डेटा’ दाबतं, आत दडलेली एक्सेलची अख्खी वही उघडते आणि त्यात तुमचे आकडे निरागसपणे, शेजारशेजारच्या दोन स्तंभांत, एकाखाली एक बसलेले सापडतात.

एवढ्यात वरून फोन येतो: ‘ग्राहक समाधानही याच आलेखात घ्या.’ तिसरा उभा अक्ष पॉवरपॉइंट देत नाही. इथे कच्चे लोक हार मानतात. तुम्ही दुसरा आलेख बनवा, त्याची पार्श्वभूमी पारदर्शक करा, पहिल्यावर अलगद ठेवा आणि दोन्ही निवडून ग्रुप करा, म्हणजे ऐन बैठकीत एक रेघ निसटून कोपऱ्यात जाणार नाही. तिसऱ्या मोजपट्टीचे आकडे लिहायला आता जागा उरलेली नसते. ते पुसून टाका. पहिल्या दोन मोजपट्ट्या तरी कुणी वाचल्या होत्या?